मदत हवी आहे: दिल्लीहून निपाणीपर्यंत जुनी झेड४ चालवत आणायची आहे, निघण्याआधी काय काय करून घेऊ?

तवंदीकर

नमस्कार मंडळी,

दिल्लीत एक बीएमडब्ल्यू झेड४ जवळजवळ ठरली आहे. ई८९ पिढीची, एसड्राइव्ह ३५आय, २०११ ची. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन (एन५४), सात गिअरचा ड्युअल क्लच, ३०६ पीएस. गाडी कमी चालली आहे, रंग मूळचा आहे, मालकाने प्रत्येक बिल जपून ठेवलंय. विकायचं कारण सरळ आहे. पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची व्हायला आली की दिल्लीकर ती दारात ठेवायला घाबरतात. म्हणून भावही तसा लागला.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ट्रेलरवर टाकून आण. मला ती चालवत आणायची आहे. हौस आहेच, नाही म्हणत नाही. पण दुसरं कारण जास्त पटतं का बघा. ट्रेलरवरून दारात उतरलेल्या गाडीचं दुखणं निपाणीत कळणार, आणि निपाणीत या इंजिनाला हात घालणारा कोण आहे? चालवत आणली तर वाटेत जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे लागतं. जे काही निघायचं ते तिथंच निघू दे.

रस्ता शोधावा लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघतो आणि जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर करत आपल्या निपाणी-बेळगाववरूनच पुढे चेन्नईला जातो. अंतर साधारण १,८५० किमी. सोबत मेहुणा आहे, तोही चालवतो. मार्चअखेर निघायचा विचार आहे.

आता अडचण. बिलांमध्ये तेल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं दिसतं, पण पाण्याचा पंप बदलल्याची नोंद कुठंच नाही. टायरवर २३१७ असा कोड आहे, नक्षी मात्र भरपूर शिल्लक. मालक म्हणतो अजून दोन वर्षं आरामात जातील. स्टेपनी नाही, जॅक नाही. दिल्लीत किती खर्च करू आणि काय घरी आल्यावर बघू? पैसे मोजके उरलेत, त्यामुळे "सगळंच बदला" सोडून सांगा.

उद्यमबाग

आधी टायर. नक्षी बघू नका, वय बघा. २३१७ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. एवढी वर्षं दिल्लीच्या उन्हात उभा राहून रबर कडक झालेलं असणार, आणि तुम्ही त्याला मार्चअखेर राजस्थानातून तासन् तास पळवणार. चारही बदला. हे मूळच्यासारखे रन-फ्लॅट असतील, तर हवा गेल्यावरही ८० च्या वेगाने साधारण ८० किमी जाता येतं. पण ते गणित धड टायरचं आहे, बाजूला चिरा पडलेल्या टायरचं नाही. पुढचा साइझ २२५/४० आर१८ आणि मागचा २५५/३५ आर१८ आहे का बघून घ्या. असेल तर एक सुटी रिम नेऊनही दोन्हीकडे चालणार नाही, आणि ठेवणार कुठं? छत बंद असताना डिकी ३१० लिटर, उघडून डिकीत घडी झालं की १८० च उरते. पंक्चरच्या स्ट्रिप, छोटा कॉम्प्रेसर आणि रोडसाइड असिस्टन्स, एवढ्यावर निघा. आणि टोइंगचा हुक टूलकिटमध्ये आहे का ते आधी बघा. जुन्या गाड्यांत नेमका तोच गायब असतो, मग फ्लॅटबेडवाला येऊनही हात चोळत उभा राहतो.

आता पंप. एन५४ ला पट्ट्यावर फिरणारा पंप नाही, विजेवर चालणारा आहे. पट्ट्यावरचा पंप आधी कुरकुरतो, गळतो, माणसाला वेळ देतो. हा बहुतेक वेळा काही न सांगता बंद पडतो, आणि पडद्यावर तापल्याची खूण येते तेव्हा तुम्ही भीलवाड्याच्या अलीकडे कुठंतरी उन्हात उभे असता. नोंद नाही म्हणजे मूळचाच आहे असं धरा. पंप आणि थर्मोस्टॅट एकदमच बदला, दोन्हीची मजुरी एकच पडते.

बदलल्यावर कूलंटमधली हवा काढणं महत्त्वाचं. इंजिन सुरू करायचं नाही, नुसतं इग्निशन चालू. हीटर पूर्ण गरमवर, पंखा सगळ्यात कमी. मग अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरायचा. पंप आपोआप साधारण बारा मिनिटं फिरतो. तेवढा वेळ बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या. मेकॅनिक हे न करताच टाकी भरून बोनेट लावायला लागला तर त्याला थांबवा.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत सांगाल तो बुश टर्न करून देतील हो, पण विजेचा पंप कोण देणार?

केए२३वाला

गाडीचं उद्यमबागवाल्यांनी सांगितलंच, मी कागदाचं सांगतो. एनओसी घेताना पुढचं आरटीओ नीट लिहून घ्या. निपाणी चिक्कोडीखाली येते, केए-२३. दिल्लीचा एजंट सवयीने "बेळगाव" लिहितो, ते केए-२२ होतं, मग फेऱ्या तुमच्या. फॉर्म २८, २९, ३० वर सही, कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि परिवहनच्या साइटवर थकलेले चलन बघा. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

विम्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा आपसूक तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. म्हणजे विम्याचं न करता निघालात तर १,८५० किमी तुम्ही तुमच्याच खिशावर चालवताय. मी तरी तसा निघणार नाही.

पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत एनओसी हातात पडली पाहिजे. नंतर नूतनीकरण, फिटनेस, आणि बाहेरून आयात झालेल्या गाडीला फी साध्या गाडीच्या कितीतरी पट. कर्नाटकचा आजीवन कर वेगळाच. तो हिशेब भावात धरलाय ना?

खानापूरचा_पाऊस

मी उलटं बोलतो, रागावू नका. ट्रेलरवर टाका. बंद ट्रेलरचा खर्च एका टायरजोडीएवढा वाढेल कदाचित, पण झोप तर लागेल. अनोळखी गाडी आणि एवढं अंतर, ही हौस अंगाशी यायला वेळ लागत नाही.

तवंदीकर

खानापूरवाले, तुमचं बरोबर असेलही. पण उतरवून घेतल्यावर पंप तोच राहणार ना? तो मग अंबोली घाटात जाईल. कर भावात धरलाय, फीचा आकडा मात्र आजच कळला. बाकी पेट्रोलचं सांगा कुणी. सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) आहे, आणि ही गाडी बनली तेव्हा मर्यादा दहा टक्के इथेनॉलची होती. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीला बाधलं म्हणजे कुणाकडे रडायचं?

उद्यमबाग

चार दिवसांच्या प्रवासात ई२० ने इंजिन बसत नाही. त्रास आहे तो जुन्या रबरी नळ्यांना आणि गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी राहिली तर, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तुमची गाडी आधी उभीच होती. म्हणून निघण्याआधी बोनेट उघडून नळ्यांना हात लावून बघा, पेट्रोलचा वास येतो का बघा. गर्दीच्या पंपावर भरा, टाकी तळाला नेऊ नका.

इंजिन थंड असताना पहिली स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. मारायला जास्त वेळ लागला, किंवा नंतर गरम इंजिन बंद करून पुन्हा मारताना अडखळलं, तर पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपावर संशय घ्या. स्कॅनर लावाल तेव्हा नुसते बिघाडाचे कोड बघू नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण आहेत का बघा. अपूर्ण असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत.

ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट हे या इंजिनाचं आणखी एक दुखणं. तिथून तेल झिरपून पट्ट्यावर येतं, पट्टा फाटतो, आणि त्याचे धागे क्रँकच्या सीलमधून आत ओढले गेले की खर्च कुठल्या कुठं जातो. खालून टॉर्च मारून बघा, ओलं असेल तर गॅस्केट आणि पट्टा तिथंच बदला. गॅस्केट स्वस्त आहे. या इंजिनाला डिपस्टिक नाही, तेलाची पातळी गरम इंजिनावर पडद्यावरच बघायची. एक लिटर तेल सोबत ठेवा, एलएल-०१ (बीएमडब्ल्यूचं तेलाचं मानक) लिहिलेलंच.

वेस्टगेटची (टर्बोच्या झडपेची) खडखड ऐकू आली तर घाबरू नका. त्याने गाडी रस्त्यात उभी राहत नाही, त्याचा उपयोग भाव पाडायला. ब्रेक ऑइल मात्र बदला. मुंबईनंतर बोरघाट, खंबाटकी लागतात, आणि तुमचं घर यायच्या आत डोकं तापलेलं असतं, तेव्हा ब्रेक पेडल मऊ लागायला नको. सस्पेन्शनचे बुश, छताचे रबर, आतलं लेदर हे सगळं घरी.

केए२३वाला

पहिला दिवस फक्त जयपूर. २७० किमीच होतात, पण नव्या पंपाचं, नव्या टायरचं जे काही चुकलं असेल ते तेवढ्यात दिसतं. जयपूरला थंड झाल्यावर कूलंट बघा, खाली डाग पडलाय का बघा, मगच उदयपूर. दुसऱ्याच दिवशी अहमदाबाद गाठायचा पराक्रम नको.

आणि शेवटी सांभाळा ते साताऱ्यानंतर. कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम चालू आहे, डायव्हर्जनला रस्ता एकदम खाली उतरतो, खडी पसरलेली असते. तिथं रात्री येऊ नका. एवढी खाली गाडी, पुढच्या बंपरचा ओठ गेला तर कोगनोळी टोलनाक्यावर मिरवत यायची मजा जाईल की!

खानापूरचा_पाऊस

ठीक आहे, जा चालवत. पण पंप बदलल्याचं बिल इथं टाकल्याशिवाय निघायचं नाही.

तवंदीकर

मान्य. ठरवलंय असं: टायर, पंप-थर्मोस्टॅट, ब्रेक ऑइल दिल्लीत, गॅस्केट बघून. विमा नावावर झाल्याशिवाय चावी घेत नाही, त्यात तारीख पुढे गेली तर जाऊ दे, एप्रिलमध्ये पहाटे चालवू आणि दुपारी झोपू. मालकाला टायरचं सांगितलं तर तो टायरचे निम्मे पैसे कमी करायला तयार झाला, म्हणजे त्यालाही माहीत होतं. गुरुग्रामकडे एन५४ वर नियमित काम करणारं स्वतंत्र गॅरेज कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जयपूरलाही एखादं हवंय, लिफ्टवर अर्धा तास गाडी घेऊ देणारं.