पॉल कफी यांनी जहाजे स्वतः बांधली की बांधवून घेतली? शिवाय कुटुंबाविषयी एक शंका

मचवेकर (प्रश्न):
अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातील दर्यावर्दी आणि जहाजबांधणी करणारे पॉल कफी (१७५९–१८१७) यांच्याविषयी सध्या वाचत आहे. वडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, आई वाम्पानोआग या तेथील मूळ जमातीची, आणि मुलगा १८०६ साली २६८ टनांच्या जहाजाचा मोठा वाटेकरी, हा पल्ला त्यांनी कसा गाठला हे मला नीट उलगडत नाही. काही ठिकाणी त्यांना ‘जहाजबांधणी करणारे’ म्हटले आहे, तर काही ठिकाणी केवळ ‘जहाजमालक’. यातले खरे काय? दुसरी शंका अशी की वडिलांचे आडनाव स्लोकम असताना मुलगा कफी कसा झाला?

जुनी नोंदवही:
आडनावाचे आधी सांगतो, कारण त्यातच घराची निम्मी कथा आहे. वडिलांचे मूळ नाव कोफी. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला हे नाव देण्याची पद्धत पश्चिम आफ्रिकेतील अशांती लोकांत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ते स्लोकम घराण्याकडे गुलाम होते आणि मालकाचे आडनाव त्यांना चिकटले. मुक्त झाल्यावर त्यांनी रूथ मोझेस यांच्याशी लग्न केले. त्यांना दहा अपत्ये झाली. पॉल यांचा जन्म १७ जानेवारी १७५९ रोजी कटीहंक या छोट्या बेटावर झाला. १७६६ साली वडिलांनी वेस्टपोर्ट भागात ११६ एकरांची शेती विकत घेतली. कालपर्यंत जो स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्याच्या नावे जमिनीचे खरेदीखत झाले, हे लक्षात घ्यावे. १७७२ साली वडील वारले आणि पुढे मुलांनी स्लोकम हे नाव टाकून वडिलांचे नाव, म्हणजे कफी, हेच आडनाव म्हणून घेतले. आपल्याकडे वडिलांचे नाव मुलाच्या नावामागे आपोआप येते. तिथे ते विचारपूर्वक उचललेले पाऊल होते.

सुकाणू:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, मात्र क्रमाने. किशोरवयातच पॉल देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर गेले. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर, १७७६ साली, इंग्रजांनी त्यांचे जहाज पकडले आणि त्यांना सुमारे तीन महिने न्यूयॉर्कमध्ये कैदेत ठेवले. सुटल्यावर ते काही काळ शेतीत रमले. १७७९ साली त्यांनी भाऊ डेव्हिड यांच्यासह एक उघडी होडी बांधून नॅन्टकेट बेटाशी व्यापार करण्याचा प्रयत्न केला. डेव्हिड यांनी समुद्राची आणि चाच्यांची धास्ती घेतली आणि ते शेताकडे परतले. पॉल मात्र एक होडी गेली की दुसरी बांधत आणि माल लुटला गेला की पुन्हा जमवत.

खरी बरकत आली ती मेहुणे मायकेल वेनर यांच्याशी भागीदारी झाल्यावर. ते बहीण मेरी यांचे यजमान आणि स्वतः वाम्पानोआग होते. वेस्टपोर्ट नदीकाठी या दोघांची गोदी होती. तिथून निघालेल्या गलबतांची चढती भाजणी पाहा: सुमारे २५ टनांचे ‘सनफिश’, ४२ टनांचे ‘मेरी’, ६९ टनांचे ‘रेंजर’, १६२ टनांचे ‘हीरो’ आणि मग २६८ टनांचे ‘अल्फा’. हे टन वजनाचे नव्हेत, हे सांगायलाच हवे. बरेच वाचक तिथे फसतात. त्या काळी लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून, ठरावीक वजावट करून, गुणाकाराला ९५ ने भागत आणि येणाऱ्या आकड्याला टन म्हणत. तो पोटातल्या जागेचा अंदाज असे.

एका जहाजातून दुसरे कसे उभे राही, याचे माझे आवडते उदाहरण ‘मेरी’चे आहे. दहा जणांचा तांडा आणि दोन लहान होड्या घेऊन ते देवमाशांच्या शिकारीला गेले. तेथे आधीच असलेल्या, अधिक सज्ज जहाजांनी त्यांना सोबत घेण्यास प्रथम नकार दिला, नंतर नाइलाजाने घेतले. एकूण सात देवमासे मिळाले, त्यांतले सहा कफींच्या माणसांनी मारले आणि दोन तर खुद्द पॉल यांच्या भाल्याने. तेल आणि हाडे फिलाडेल्फियाला नेऊन त्यांच्या बदल्यात त्यांनी नव्या जहाजासाठी लोखंड आणि खिळे घेतले. लाकूड मिळवता येत होते, रोख पैसा लोखंडालाच लागे.

मचवेकर:
फार उपयुक्त माहिती. म्हणजे ‘अल्फा’ पूर्णपणे त्यांचे नव्हते? आणि कृष्णवर्णीयांना मताधिकार त्यांनीच मिळवून दिला, असे म्हणतात ते खरे का?

जुनी नोंदवही:
मताधिकाराचे विधान मला अतिशयोक्त वाटते. पॉल, भाऊ जॉन आणि इतर काहींनी १७८० साली विधिमंडळाकडे अर्ज केला, की मत देता येत नसेल तर आमच्याकडून कर का घेता. कर न भरल्याबद्दल दोघा भावांना थोडा काळ तुरुंगातही जावे लागले. शेवटी कमी रकमेवर प्रकरण मिटले. त्याच वर्षीच्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत मतदानासाठी वर्णाची अट नव्हती, मालमत्तेची होती. त्या अर्जाचे मोल कमी नाही, पण मताधिकार त्यानेच मिळाला असे म्हणू नये.

सुकाणू:
‘अल्फा’त त्यांचा पाऊण हिस्सा होता. जहाज हिश्श्यांनी घेणे ही न्यू इंग्लंडची रीतच होती. एक बुडाले तर एकाच घराचे दिवाळे निघत नसे. खलाशीही बहुधा घरचेच असत. १८१० च्या डिसेंबरात त्यांचे ‘ट्रॅव्हलर’ हे जहाज पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनकडे निघाले तेव्हा त्यावरचे बहुतेक खलाशी कृष्णवर्णीय होते आणि थॉमस वेनर हा मायकेलचा मुलगा जहाजाचा कप्तान होता. इंग्रजीत नुसते ‘नेफ्यू’ लिहितात. मराठीत भाचा म्हटले की बहिणीचे घर लगेच डोळ्यांपुढे येते. १८१२ साली परतताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जहाज जप्त केले, तेव्हा पॉल थेट राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांना भेटले आणि त्यांनी ते सोडवून आणले.

मुलांबद्दल एक जोड देतो. पत्नी ॲलिस याही मूळ रहिवासी होत्या आणि दोघांना सात अपत्ये झाली. त्यांतील धाकट्या पॉलने १८३९ साली स्वतःच्या तीस वर्षांच्या समुद्रजीवनाचे कथन छापले, आणि त्यात तो स्वतःची ओळख पीक्वॉट जमातीचा म्हणून देतो.