गोरिलासमोर मास्क नको म्हणणाऱ्यांसाठी

रानवाट:
रवांडाहून परतलेल्या एका सभासदाने काल लिहिलं, 'परवान्याचे १५०० डॉलर मोजल्यावर वर मास्क कशाला? एवढ्या धिप्पाड जनावराला आपल्या सर्दीने काय होणार?' वाचून डोकं उठलं. त्याच रवांडात २००९ साली हिरवा नावाच्या गोरिलांच्या कळपात माणसांतला मेटान्यूमोव्हायरस हा श्वसनाचा विषाणू शिरला, एक मादी आणि एक पिल्लू गेलं. २०१३मध्ये युगांडात कान्यावाराच्या ५६ चिंपांझींपैकी ५ मेले, 'ऱ्हायनोव्हायरस सी' या सर्दीच्या विषाणूने. आपलं त्यात नाक गळतं, बस्स. चिंपांझी मादीला दोन पिल्लांत पाच-सहा वर्षं लागतात. भरून कधी निघायचं?

स्पष्टवक्ता:
पाच! काँगोत लोसीच्या भागात २००२-०४ दरम्यान इबोलाने सुमारे ५००० गोरिला मेल्याचा अंदाज आहे. तिथे कोणता पर्यटक खोकला होता? सगळा राग कॅमेरेवाल्यांवर. त्यांच्याच पैशातून वनरक्षकांचे पगार निघतात. पर्यटन बंद करा, मग बघा किती उरतात.

रानवाट:
बंद करा असं मी कुठे लिहिलंय? मास्क लावा, दहा मीटर लांब राहा, ताप असेल तर जाऊ नका.

प्रवासिनी:
मी युगांडात ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला गेले होते. निघताना सगळ्यांना विचारलं, ताप-खोकला आहे का? आमच्यातल्या एका गृहस्थांनी गाडीतच तापाची गोळी घेतली होती, तरी ठासून 'नाही' म्हणाले. वर गेल्यावर मास्क हनुवटीखाली, तोंड बाहीत खुपसून खोकताहेत, आणि समोर मादी पिल्लाला पाजत बसलेली. मी गाइडला सांगितलं, त्याने त्यांना मागे नेलं. परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही. परत तशी वेळ आली तरी सांगेन.

पशुवैद्य:
मास्कवरच किती दळण दळणार? लस द्या. १९८८मध्ये गोवराच्या संशयावरून पहाडी गोरिलांना डार्टने लस दिलीच होती ना? इबोलाच्या लशीची बंदिस्त चिंपांझींवर चाचणी झाली, २०१४मध्ये निष्कर्षही आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने बंदिस्त चिंपांझींना संकटग्रस्त ठरवलं आणि असल्या चाचण्यांची वाटच बंद झाली. प्राणिप्रेमींनीच रानातल्या चिंपांझींचा घात केला.

अरण्यक:
घात? पिंजऱ्यात जन्म काढलेल्यांना सुया टोचून रानातले वाचवायचे, हा कुठला न्याय? आणि माणसाला पाहताच पळणाऱ्या कळपांना डार्ट मारणार कोण? तुम्ही?

पशुवैद्य:
म्हणूनच तोंडावाटे द्यायच्या लशीवर काम चाललं होतं. आधी वाचा, मग अंगावर या.

अरण्यक:
वाचलंय. आमिषातून नेमका डोस कोणाच्या पोटात गेला, हे कसं कळणार? त्याचं उत्तर द्या, दम देऊ नका.

रानवाट:
लशीचा वेगळा धागा काढा. लस येईल तेव्हा येईल, मास्क आज खिशात आहे.

स्पष्टवक्ता:
बरं, मास्कचं मान्य, तेही प्रवासिनींचा अनुभव वाचून. पण जंगलालगतच्या गावांचं काय? तिथल्या माणसांना दवाखाना नाही आणि तुम्ही पर्यटकांच्या नाकाला धरून बसलात.

प्रवासिनी:
हा मुद्दा खरा आहे. १९९६मध्ये ब्विंडीच्या गोरिलांना खरूज झाली, तेव्हा संशय गावातल्या कपड्यांवरच आला. त्या गोरिलांवर उपचार करणाऱ्या डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे गावकऱ्यांच्या आरोग्यासाठीच संस्था काढली. पण गावकऱ्याला औषध मिळत नाही. आमच्या गृहस्थांच्या खिशात ते होतं, आणि त्यांनी ते ताप लपवायला वापरलं.