इशापूरची थ्री-नॉट-थ्री : बाराशे डॉलर जरा जास्तच ना?

प्रेषक: श्रीरंग

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत हे घुसडायला नको, म्हणून वेगळा मेल.

आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या तळघरात सात-आठ जुन्या बंदुका आहेत. त्यातली एक सहज हातात घेतली, तर दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या लोखंडावर मुकुट, खाली जी. आर. आय. (राजा जॉर्जची अक्षरं), मग इशापूर, म्हणजे बंगालातला रायफलींचा कारखाना, आणि १९४३. माझं आजोळ साताऱ्याजवळचं आपशिंगे, आईचे वडील मराठा पलटणीत, इटलीत लढून आलेले. पुढचं सांगायला नको.

जुन्या सामानाची विक्री करून देणारा एक माणूस आजींना सांगून गेलाय, "अँटिक आहे, बाराशे डॉलरच्या खाली देऊ नका." आजी माझ्यासाठी आठवडाभर थांबणार आहेत. नवरा गेलेल्या बाईशी घासाघीस करायची लाज वाटते आणि बाराशे मोजायचा जीव होत नाही. यातलं कुणाला कळतं का?


प्रेषक: वसंतकाका

श्रीरंग,
कळतं. माझ्याकडे अशा तीन आहेत. एक नव्वदच्या दशकात घेतली, तेव्हा दुकानात पिंपात केरसुण्यांसारख्या उभ्या असायच्या. शंभराच्या आत मिळाली. तो भाव आता विसरायचा. तो माल संपला, आता जे फिरतं ते एका घरातून दुसऱ्या घरात. पण म्हणून बाराशे होत नाहीत.

आधी तो "अँटिक" शब्द. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, केंद्रीय कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक. १९४३ ची रायफल पन्नास वर्षांहून जुनी म्हणून संग्राह्य वस्तूंच्या वर्गात बसते, एवढंच. आणि युद्धाच्या वर्षांत इशापूरला या ढिगाने बनल्या, तेव्हा साल बघून हुरळू नकोस.

आता आजींना विचारून टॉर्च घेऊन बस. रायफल रिकामी आहे ना, हे मॅगझिन (खालची गोळ्यांची पेटी) काढून, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा लोखंडी भाग) मागे ओढून, आत बोट घालून स्वतः बघ. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. मग बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूचा नंबर वाच आणि मुख्य सांगाड्यावरच्या नंबराशी ताडून बघ. नळीच्या तोंडाशी जो लोखंडी टोप असतो, संगीन अडकवायचा, त्यावरही नंबर असतो. हे सगळे एक निघाले तर भाव वर. एखादा खोडून दुसरा ठोकलेला असेल तर रायफल कारखान्यात परत जाऊन आलेली आहे.

नळीवर किंवा सांगाड्यावर "डी. पी." अशी अक्षरं दिसली तर तिथेच थांब. ती कवायतीची रायफल, गोळी झाडायची नाही. अशांच्या नळीला कधी कधी मुद्दाम भोकही पाडलेलं असतं. ती भिंतीवर शोभते, आणि दामही शोभेचाच द्यायचा.

आणि पुढचं लाकूड नळीच्या तोंडापर्यंत आहे का? इथे लोकांनी हरणाच्या शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून रायफली हलक्या केल्या. तशी असेल तर विषय संपला. मूळ लाकूड शोधून बसवायला गेलास तर रायफलीपेक्षा सुतारकाम महाग.


प्रेषक: मंदार

काका, मीही एखादी घेऊ शकतो का? एच-वन-बीवर आहे.


प्रेषक: वसंतकाका

मंदार, साधारणपणे नाही. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक घेणं काय, जवळ ठेवणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. शिकारीचा चालू परवाना हा एक अपवाद आहे, पण तो या मेलवर विसंबून वापरू नकोस, वकिलाला विचार. ग्रीन कार्डाचं वेगळं.


प्रेषक: श्रीरंग

काका,
दीड तास तळघरात होतो. आजींनी मधे दोनदा कॉफी आणून दिली.

डी. पी. कुठे नाही. लाकूड पूर्ण आहे. पण बोल्टवरचा नंबर सांगाड्याशी जुळत नाही, आणि खोडाखोडही नाही, सरळ दुसराच आहे. टोपाचा जुळतो. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू आहे. हा कुणी घरी मारला असेल का? दस्त्याला बोटभर चीर. धातूवर काळा रंग जाड फासलाय, एका कडेला पोपडा निघालाय. नळीवर अगदी बारीक अक्षरात इथल्या आयातदाराचं नाव आणि गाव कोरलंय. नळीच्या आत टॉर्च मारला तर आटे स्वच्छ, धारदार दिसतात, फक्त तोंडाशी थोडं करडं.

शिवाय कपाटात वीसेक गोळ्या निघाल्या. बुडावर "के. एफ." लिहिलंय.


प्रेषक: वसंतकाका

अरे, के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी. आपली खडकी! १८६९ चा दारूगोळा कारखाना. माझे वडील तिथे होते, भोंगा झाला की आई भाताचं आधण ठेवायची. ओहायोतल्या तळघरात खडकीची गोळी, काय म्हणावं! पण झाडू नकोस. या जुन्या गोळ्यांचा बार कधी कधी घोडा दाबल्यावर क्षणभराने होतो, आणि त्यांच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो. जुने लोक म्हणूनच झाडून झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे. तुझ्या नळीच्या तोंडाशी करडं दिसतंय ते बहुधा कुणीतरी हा आळस केल्याचं.

तो आडवा स्क्रू मात्र घरचा नाही. युद्धानंतर इशापूरला दुरुस्तीत लाकूड फुटू नये म्हणून मारायचे. काळा रंगही भारतातल्या दुरुस्तीचाच दिसतो. म्हणजे रायफल १९४३ ची असली तरी आज दिसते तशी ती नंतर झालेली आहे. दोष नव्हे, पण "युद्धातून जशीच्या तशी आलेली" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणून मान हलवायची. आयातीची कोरीव अक्षरं असली की हौशी लोक थोडे नाक मुरडतात, फार नाही.

खरी खोट बोल्टची. ली-एनफिल्डमधे, म्हणजे या थ्री-नॉट-थ्रीत, बोल्ट त्या-त्या सांगाड्याला बसवलेला असतो. परका बोल्ट आला की काडतुसाच्या मागे किती जागा राहते ते गेजने मोजल्याशिवाय झाडायची नाही. माझ्याकडे गेज आहे.

आता भाव. लोक किती मागतात ते बघूच नकोस, मागायला काय जातंय. लिलावाच्या साइटवर संपलेले आणि खरोखर विकले गेलेले सौदे वेगळे बघता येतात, ते बघ. सगळे नंबर जुळलेली, धड लाकडाची असती तर मी साडेपाचशेपर्यंत गेलो असतो. बोल्ट आणि चीर धरून ही चारशे ते साडेचारशेची. नळी खराब असती तर तीनशेही दिले नसते.

बोल्ट जुळत नाही हे आजींना आधी सांग आणि ते सौदे त्यांनाच दाखव. मग घासाघीस करावीच लागत नाही. उरला तुझा इटलीचा भाग. तुझ्या आजोबांच्या हातात हीच होती असं मनात घेऊन वरचे साडेसातशे-आठशे देणार असशील तर दे बापडा, पण ते आजींनी विकायला काढलेलंच नाही.


प्रेषक: श्रीरंग

काका,
काल संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेलो. आजींनी चष्मा लावून सहा सौदे वाचले, बोल्टवर स्वतः बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझा नवराही चारशेच म्हणाला असता, पण चारशे पंचवीस दे." दिले. एकाच राज्यात राहतो तरी व्यवहार दुकानातून नोंदवून घेतला, त्यांच्या मुलीला तेच बरं वाटलं. गोळ्या त्यांनी फुकट दिल्या. त्या डब्यात आजोबांची पावती सापडली: १९९१, एकोणऐंशी डॉलर.

बायकोने भिंत दिलेली नाही. सध्या कपाटात, कुलपात आहे. शनिवारी गेज घेऊन याल का? जेवायलाच या. आणि त्या काळ्या रंगाचं काय करायचं तेही बघू.


प्रेषक: वसंतकाका

येतो. रंगाला हात लावू नकोस.