कुटुंबासाठी वेकबोर्डिंगची बोट : तुम्ही कशी निवडली? (अनुभव धागा)

बोट घ्यायची हे घरात ठरलं आहे, कोणती ते ठरत नाहीये. मोठ्याला वेकबोर्डिंग (पाय फळीला अडकवून, बोटीमागे दोरी धरून घसरायचं आणि उड्या घ्यायच्या) करायचं आहे, धाकटीला बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या फुगवलेल्या ट्यूबवरून उडायचं आहे, नवऱ्याची स्लॅलम स्कीची (एकाच स्कीवर वेगाने डावी-उजवीकडे वळत जायची) आवड लग्नाआधीपासूनची, आणि माझ्या आईबाबांना सावलीत बसून पाणी बघायचं आहे.

बरंच वाचल्यावर लक्षात आलं की हे खेळ बोटीकडून अगदी उलटसुलट गोष्टी मागतात. वेकसर्फिंगला बोट ताशी १६ ते १९ किमी वेगाने चालते आणि मागे उंच, भरीव लाट लागते, कारण सर्फर उभा राहिला की दोरी सोडून देतो आणि त्या लाटेच्याच जोरावर पुढे जात राहतो. वेकबोर्डिंगला साधारण ३० ते ३७ किमी वेग, वीसेक मीटर दोरी, आणि उडी घेता येईल अशी स्वच्छ चढण असलेली लाट हवी. स्लॅलमवाले पन्नाशीच्या पुढे जातात आणि त्यांना बोटीमागे लाट जवळजवळ नकोच असते. ट्यूबला काहीही चालतं.

ज्यांनी घरच्यांसाठी बोट घेऊन काही मोसम काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय घेतलं आणि का, हे तर हवंच. पण बोटीत बसून राहणाऱ्यांचा दिवस कसा गेला तेही सांगा. दोरीला एका वेळी एकच जण असतो, बाकीचे सगळे बोटीतच असतात, आणि माहितीपत्रकांत त्यांच्याबद्दल फारसं काही नसतं.

*

ताई, आमच्याकडे २२ फुटी व्ही-ड्राइव्ह आहे. या प्रकारात इंजिन बोटीच्या अगदी मागे, उलट्या तोंडाने बसवलेलं असतं. त्याचा शाफ्ट आधी पुढे येतो आणि गिअरबॉक्समधून वळून खाली पंख्याकडे परत मागे जातो. वजन मागे गेल्यामुळे लाट मोठी उठते आणि बोटीचा मधला भाग मोकळा राहतो. आमच्या घरच्यांना लाटेपेक्षा ही मोकळी जागाच जास्त आवडली. मुलं तिथे पसरतात, बोर्ड, ओले टॉवेल, लाइफ जॅकेटं सगळं सीटखाली जातं, आणि जाण्यायेण्याची वाट अडत नाही.

बॅलास्टबद्दल, म्हणजे लाट मोठी व्हावी म्हणून बोटीतल्या टाक्यांत भरायच्या पाण्याबद्दल, मात्र थोडं थांबून विचार करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे हजार लिटरच्या टाक्या भरल्या की बोटीत एक टन वाढला. इंजिनावर ताण येतो, इंधन भराभर जातं, वळताना बोट जड वाटते. विक्रेते टाक्यांचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. शिकणाऱ्या मुलाला त्यातलं काहीच लागत नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला कमी वेग, आखूड दोरी आणि बुटकी लाट हवी. उंच लाट ओलांडताना बोर्डाची कड अडकते, पोरगं तोंडावर आपटतं आणि मग पुन्हा पाण्यात उतरायला तयार होत नाही. आमची मुलं शिकत होती तेव्हा टाक्या रिकाम्याच ठेवायचो. आता मोठीला भरलेल्या हव्यात, धाकट्याला रिकाम्या. म्हणून मी सांगेन की टाक्या केवढ्या आहेत यापेक्षा त्या किती चटकन भरतात आणि रिकाम्या होतात ते बघा. नाहीतर रायडर बदलला की सगळं घर पंपाची घरघर ऐकत बसतं. आणि बोटीवरच्या पाटीवर किती माणसं, किती वजन लिहिलंय ते वाचा. बॅलास्टचं पाणी त्या वजनात धरूनच हिशेब करायचा असतो.

जीपीएसवर वेग धरून ठेवणारी यंत्रणा पर्यायी असेल तरी घ्याच. हाताने वेग सांभाळला की रायडरने दोरी ताणताच तो खाली येतो, मग चालक थ्रॉटल वाढवतो, मग तो जास्त होतो. शिकणाऱ्याला हे लगेच जाणवतं. ही यंत्रणा आल्यापासून मी पाण्यात असतो तेव्हा बायको निर्धास्त चालवते. तिने पुढचं पाणी बघायचं, मागे बघायला दुसरं कुणीतरी बसलेलं असतं.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचं पाणी मोठं आणि उघडं आहे, दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा चावऱ्या होतात. आम्ही स्टर्नड्राइव्हची बोरायडर (पुढच्या नाकातही बसायची जागा असलेली बोट) घेतली. इंजिन आत, पण पंख्याचा पाय बोटीच्या मागे बाहेर लटकलेला. तळ खोल व्ही आकाराचा असल्याने परतीच्या वाटेवर हाडं खिळखिळी होत नाहीत. माझ्या सासूबाईंची पाठ दुखते, त्यामुळे आमच्यासाठी हा मुद्दा सगळ्यात वरचा होता. सपाट पाण्यासाठी घडवलेल्या बोटीची चाचणी आम्ही सकाळी घेतली तेव्हा ती लोण्यासारखी चालली. तीच फेरी वाऱ्यात पुन्हा घ्यायला लावली, आणि तिथेच निर्णय झाला.

आणखी एक, उथळ पाण्यात पाय वर उचलता येतो. इनबोर्डचा, म्हणजे व्ही-ड्राइव्हसारख्या बोटींचा, पंखा आणि सुकाणू तळाखाली कायमचे असतात, ते उचलत नाहीत. धक्क्याला लावतानाही फरक पडतो. आमच्याकडे पंखाच वळतो, त्यामुळे मागे घेतानाही बोट हवी तिकडे जाते. इनबोर्डमध्ये मागे घेताना सुकाणूचा फारसा उपयोग होत नाही आणि मागची बाजू स्वतःहूनच एका अंगाला सरकते. ते शिकता येतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

आमच्या बोटीवर टॉवर (दोरी उंचावर बांधायची कमान) आहे आणि मुलाला वेकबोर्डिंगला लाट पुरते. वेकसर्फिंग मात्र आम्ही करत नाही आणि या बोटीमागे कुणीही करू नये. सर्फर बोटीपासून दोन-तीन मीटरवर असतो आणि पंखा मागे उघडा असतो. आउटबोर्डलाही, म्हणजे अख्खं इंजिनच मागे बाहेर लावलेल्या बोटीलाही, हेच लागू. कुणाला स्टर्नड्राइव्हही हवी आणि सर्फिंगही हवं असेल तर फॉरवर्ड ड्राइव्ह बघा. व्होल्वो पेंटाने २०१५ साली ते आणलं. त्यात पंखे पुढच्या बाजूला, तळाखाली असतात.

*

आम्ही तीन नळ्यांची पाँटून, म्हणजे तरंगत्या नळ्यांवर सपाट डेक असलेली बोट, घेतली. घरात चार म्हातारी माणसं, तीन लहान मुलं. तिच्यामागे ट्यूब मजेत चालते, दोन स्कींवर उभं राहायला शिकता येतं. वेकबोर्डच्या उड्यांसाठी लाट उठत नाही. पण आजीला आत शिरताना कुणाचा हात लागत नाही.

*

मी मुलांना वेकबोर्डिंग शिकवतो, अनेक प्रकारच्या बोटींमागे शिकवलं आहे. बोट कोणतीही घ्या, पण मला सुरक्षेबद्दल लिहायचंच आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बहुतेक बोटींत धूर मागे, पोहायच्या फळीजवळच सुटतो, आणि बोट हळू चालली की हवेच्या भोवऱ्याने तो मागच्या सीटकडे ओढला जातो. इंजिन चालू असताना मुलांना त्या फळीवर बसू देऊ नका, फळीला धरून तरंगू तर अजिबात देऊ नका. हे मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगतो, कारण फळी दिसायला सगळ्यात मस्त जागा असते. धूर पाण्याखाली सोडणारी नळी काही बोटींना बसवता येते. ती आणि मोनॉक्साइडचा अलार्म, दोन्ही बसवा. तरीही फळीचा नियम तोच.

ट्यूब टॉवरला बांधू नका. टॉवर एका रायडरच्या ओढीसाठी असतो. वळणावर पाण्याने भरलेली ट्यूब जो हिसका देते त्याने बोट कलते. ट्यूबसाठी मागच्या बाजूची खालची कडी असते. दोरीही वेगळी. वेकबोर्डची दोरी मुद्दाम न ताणणारी असते, म्हणजे उडी घेताना रायडरला ओढ एकसारखी मिळते. ट्यूबला थोडी लवचीक आणि जास्त वजन झेलणारी लागते.

पुढच्या मोकळ्या भागात मुलं बसतात तिथला कठडा किती उंच आहे ते बघा. आतल्या सीटवर, आत पाय घेऊन बसायचं, काठावर कधीच नाही. तिथून कुणी पडलं तर बोट त्याच्यावरूनच जाते. आणि टाक्या भरून बोटीचं नाक खाली असताना, रायडर पडला म्हणून झटकन वळलात तर स्वतःचीच लाट समोरून आत येते. आधी वेग पूर्ण उतरवा, बोट बसू द्या, मग सावकाश वळा. रायडर चालकाच्या बाजूला ठेवून जवळ जा, म्हणजे तो सतत दिसतो. तो बोटीत चढायच्या आधी इंजिन बंद.

*

ताई, तुमच्या यजमानांची बाजू कुणीतरी मांडायला हवी! मीही स्लॅलमवाला. आमची डायरेक्ट ड्राइव्ह आहे, इंजिन बोटीच्या मधोमध पेटीत. दोरीचा खांबही मधेच. स्कीवाला बाजूला झुकून जोरात ओढतो तेव्हा बोट सरळ रेषेत राहते, कारण ओढ बोटीच्या मध्याजवळ येते. तीच ओढ उंच टॉवरवरून आली तर बोट डोलते. टॉवर वेकबोर्डसाठी उत्तम, कारण वरून येणारी ओढ रायडरला हवेत ठेवते. करेक्ट क्राफ्टची स्की नॉटीक १९६१ पासून आहे, आणि या जातीच्या बोटी आजही हलक्या आणि चपट्या लाटेच्या असतात.

किंमत मोजावी लागते ती बसायच्या जागेची. मधे इंजिनाची पेटी असल्याने माणसं दोन गटांत विभागली जातात. सहा-सात जणांच्या कुटुंबाला मी ही बोट सुचवणार नाही. पण मुलांना शिकवायला मधल्या खांबाला लावायचा बूम विलक्षण आहे. बोटीच्या बाजूला आडवी बाहेर निघणारी ही दांडी, मूल तिला धरून तुमच्या शेजारीच पाण्यावर उभं राहतं. तुम्ही त्याच्याशी साध्या आवाजात बोलू शकता, आणि भीती निम्मी होते. टॉवरच्या बोटींनाही जोड लावून बूम बसवता येतो, विचारून बघा. यजमानांना सांगा, टाक्या रिकाम्या ठेवून, दोरीची लांबी बदलत, व्ही-ड्राइव्हमागेही स्लॅलम करता येतं. स्पर्धेची मजा नाही, घरची आहे.

*

खाऱ्या पाण्यात चालवणार असाल तर इंजिन थंड करायची पद्धत पहिल्यांदा विचारा. साध्या पद्धतीत बाहेरचं पाणी थेट इंजिनात फिरतं, म्हणजे मीठही. बंद पद्धतीत इंजिनात कूलंट फिरतं आणि खारं पाणी फक्त हीट एक्सचेंजरपर्यंत येतं. आम्ही दुसरी घेतली, तरी दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतो. बॅलास्टच्या टाक्या आणि पंपही धुवायचे असतात, ते बरेच जण विसरतात.

*

नवीच हवी असं काही आहे का? आम्ही वापरलेली घेतली आणि खूश आहोत. बोटीचं वय वर्षांपेक्षा इंजिनाच्या तासांत मोजतात. पण फार कमी तास दिसले म्हणून भुलू नका, वर्षानुवर्षं उभी असलेली बोट जास्त काम काढते. मी तटस्थ तपासनीस नेला होता. त्याने ऑइल दुधाळ आहे का पाहिलं, कारण तसं असेल तर आत पाणी शिरलेलं असतं. फरशीवर चालून कुठे मऊ लागते का पाहिलं, टॉवरच्या जोडांना तडे शोधले, आणि वेगात असताना शाफ्टची थरथर तळव्यांनी जोखली. आधी पाहिलेल्या एका बोटीत बॅलास्टची पिशवी गळून तळात पाणी साचत होतं. ती आम्ही सोडली. विकणाऱ्याकडे दुरुस्तीची सगळी बिलं क्रमाने असतील तर अर्धी चिंता मिटते. पाणी खेचणारा रबरी इंपेलर शेवटचा कधी बदलला, एवढा एक प्रश्न विचारला तरी बोट कशी सांभाळली ते कळतं.

*

सगळे आतून लिहितायत, मी काठावरून लिहिते. आमचं घर तळ्याकाठी आहे आणि आमचीही बोट आहे. सर्फिंगची लाट आपल्यापुरती राहत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अहवालात दिसलं की साधी बोट २०० फुटांवरून गेल्यावर काठाशी जेवढी लाट येते, तेवढ्यावर उतरायला सर्फिंगच्या लाटेला ५०० फुटांपेक्षा जास्त अंतर लागतं. लहान तळ्यात एवढी जागाच नसते. काठ ढासळतो, गवत उपटतं, बांधलेल्या होड्या आपटतात. तुमचं पाणी अरुंद असेल तर प्रचंड बॅलास्टची बोट घेऊन ती वापरायची कुठे, हा प्रश्न आधी सोडवा. आम्ही याच कारणाने मध्यम आकाराची घेतली.

आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाणार असाल तर टाक्या पूर्ण रिकाम्या करून वाळवा. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, उरलेल्या पाण्यातून पुढच्या तळ्यात पोचतात, आणि एकदा पसरली की निघत नाहीत.

*

ट्रेलरचा विषय अजून कुणी काढला नाही. २२-२३ फुटी वेकबोट, इंधन आणि ट्रेलर मिळून वजन सहज तीन टनांच्या आसपास जातं. तुमची गाडी तेवढं ओढू शकते का, आणि ओल्या उतारावर परत वर खेचू शकते का, हे बोटीआधी बघा. टॉवर दुमडून गॅरेजच्या दारातून जातो का तेही टेपने मोजा.

चाचणीला जाताना सगळ्यांना न्या, आईबाबांनाही. जेवढी माणसं एरवी असतील तेवढी बसवा, टाक्या भरा, आणि चालकाच्या सीटवर बसून समोरचं पाणी दिसतं का बघा. बोटीचं नाक वर आलं की उंचीने लहान माणसाला काहीच दिसत नाही, आणि आमच्या घरी बहुतेक वेळ बोट चालवते ती माझी लेक. ताई, तुमचे यजमान आणि मुलगा दोरीला असतील तेव्हा बोट तुम्हीच चालवणार. तेव्हा विक्रेत्याने चालवून दाखवली तरी शेवटी ती धक्क्याला तुम्ही लावा, आणि जमलं तर वाऱ्याच्या दिवशी लावा.