मदत हवी आहे: 'स्कीस्ताव' आणि आपला 'स्तंभ' नात्यातले का?

नमस्कार मंडळी. सध्या नॉर्वेजियन शिकतोय आणि एका शब्दाशी अडलोय. स्की करताना (पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरताना) हातात धरायच्या काठीला तिथे 'स्कीस्ताव' म्हणतात. लिहितात स्की, पण उच्चार होतो 'शी'. (घरी हा शब्द मोठ्याने पाठ करायची सोय नाही!)

पहिला अर्धा भाग बराचसा उलगडला. जुन्या नॉर्समध्ये (नॉर्वेजियनची पूर्वज भाषा) 'स्कीद' म्हणजे फोडलेलं लाकूड, आपली चिरफळी. जर्मनमध्ये सरपणाच्या ओंडक्याला 'शाइट' म्हणतात, तो याच्याच कुळातला. नॉर्वेत चिरलेल्या लाकडांच्या कुंपणाला अजून 'शीगार्द' म्हणतात, म्हणजे तिथे बर्फाचा काही संबंधच नाही. आणि गंमत म्हणजे हे मूळ संस्कृत 'छिद्'पर्यंत पोचतं! आपले छेद, छिद्र आणि त्यांची स्की एकाच घरातली.

घोडं अडलंय ते 'स्ताव'पाशी. जुन्या नॉर्समध्ये 'स्ताफ्र', इंग्रजीत 'स्टाफ', अर्थ काठी. याचा धागा संस्कृत 'स्तभ्', म्हणजे टेकू देणे, रोखून धरणे, इथे जुळवता येईल का? अर्थ तर चपखल बसतो. पण मग 'स्तंभ'मधला अनुस्वार कुठून आला आणि तिकडे तो का नाही? तुलनात्मक भाषाशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर जरा सविस्तर सांगा. नुसतं 'ऐकायला सारखं वाटतं' एवढ्यावर माझं समाधान होणार नाही.

जाता जाता, या काठीला मराठीत काय म्हणाल? 'बर्फकाठी' कसं वाटतं?