एचेव्हेरियाची पानं गळतायत: पाणी वाढवू नका

एचेव्हेरियाची (जाड, रसाळ पानांचं शोभेचं झाड) खालची पानं पिवळट-पारदर्शक होऊन हात लावताच गळतात, काय करू, असं इथे एकाने विचारलंय. त्यावर कुणीतरी "पाणी कमी पडतंय, रोज घाला" असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका! तहानलेलं पान सुरकुततं, लिबलिबीत होत नाही. ही कूज वाटते, आणि पावसाळ्यात तिच्यामागे बहुतेक वेळा बुरशी असते.

मी फोंड्याला राहतो. इथे जुलैत चपलांनाही बुरशी येते, तर झाडाचं काय! गेल्या वर्षी माझंही असंच झालं. झाड उपटलं तर मुळं तपकिरी, ओढली की साल हातात. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खोड चकत्यांसारखं कापत वर गेलो. प्रत्येक चकतीच्या मध्यावर तपकिरी ठिपका. चौथ्या कापाला स्वच्छ हिरवं दिसलं, तिथे थांबलो. एक ठिपकाही ठेवलात तर कूज पुन्हा चढते.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली (आईने तेव्हापासून डबा लपवलाय) आणि पाचेक दिवस सावलीत, वाऱ्याला कोरडं ठेवलं. मग नवीन मातीत. निम्मे खडे हवेतच. आपल्याकडे चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तुकडे फुकट मिळतात, फक्त लाल धूळ धुऊन काढा, नाहीतर चिखल होतो. बाकीच्या कुंड्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) फवारलं, लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम, हातमोजे घालून.

पानांवर पांढरी पूड असेल तर मात्र लगेच रोग समजू नका. एचेव्हेरियाचा मेणासारखा थर नैसर्गिक असतो, ती भुरी (पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी) नव्हे.