दसऱ्याला घोड्यांना गोडधोड घालावे का?

खारा वारा:

दसरा आठ दिवसांवर आला आहे, म्हणून हा विषय आताच मांडतो. अलिबागजवळच्या आमच्या आळीत चार घोडागाड्या आहेत. दसऱ्याच्या सकाळी घोड्यांना धुऊन खरारा करतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात आणि मग घरोघरची ताटे त्यांच्यापुढे येऊ लागतात. त्यांत पुरणपोळी, गूळ-खोबरे आणि बुंदीचे लाडू असतात, शिवाय सणाचा दिवस म्हणून मालकाकडून चंदीही (हरभऱ्यासारखा दाणा) दुप्पट. गेल्या वर्षी शेजारच्या घोडीपुढे आलेल्या पोळ्या मी सतरापर्यंत मोजल्या आणि पुढे मोजणे सोडून दिले. रात्री दहाच्या सुमारास ती घोडी मागे वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, घामाने निथळली आणि लीद पूर्ण बंद झाली. डॉक्टर पोहोचेपर्यंत दोन तास आम्ही तिला आडवी पडू न देता अंगणात फिरवत होतो. ती वाचली, पण माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे. पूजा करावी, हार घालावा, हिरवे गवत आणि दोन गाजरे द्यावीत. गोड पदार्थ मात्र पूर्णपणे बंद करावेत. आपल्याला काय वाटते?

तोबरा:

आमच्या घरी आजोबांपासून घोडागाडी आहे. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पर्यटक नेणे हाच आमचा धंदा, त्यामुळे घोड्याचे पोट बिघडले की आमची चूलही थंडावते, हे कोणी आम्हाला शिकवायला नको. तरीही दसऱ्याची पोळी बंद करा हे म्हणणे मला मान्य नाही. वर्षभर जो प्राणी आपल्यासाठी वाळूत गाडी ओढतो, त्याच्यापुढे एक दिवस आपल्या ताटातले अन्न ठेवायचे, एवढाच त्या नैवेद्याचा अर्थ आहे. घोडीला त्रास झाला हे वाईटच झाले, पण त्याचे खापर एकट्या पुरणपोळीवर का फोडायचे? किनाऱ्यावर काही गाडीवाले वैरण थेट वाळूवर टाकतात. घोडा गवताबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात साचते आणि एक दिवस पोटशूळ उठतो. आमचा घोडा तोबऱ्यातूनच (तोंडाला बांधायच्या पिशवीतूनच) चंदी खातो आणि गवत गोणपाटावर. आजवर प्रत्येक दसऱ्याला त्याने पोळी खाल्ली आहे आणि दुसऱ्या दिवशी गाडीला जुंपूनही घेतले आहे.

आंबेमोहर:

मी वीस वर्षे जनावरांवर उपचार केले आहेत, म्हणून या वादात थोडी शरीररचना आणतो. आपण बैलाचा अनुभव घोड्याला लावतो, तिथेच गफलत होते. बैल रवंथ करणारा आहे आणि त्याच्या पोटाची पहिली कोठी शंभर लिटरांच्याही वर जाते. (पोळ्याला पुरणपोळ्यांचा ढीग खाऊन बैलालाही आम्लता होते, हे वेगळे.) घोड्याचे जठर मात्र ८ ते १५ लिटरांचे, तेही पाचशे किलोच्या घोड्याचे, आपल्या किनाऱ्यावरची घोडी त्याहून लहान. त्यात घोड्याला उलटी होऊ शकत नाही, म्हणजे चुकून पोटात गेलेले बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला ठेवलेली नाही. लहान आतड्याला पचवता येते त्याहून अधिक पिष्ट (स्टार्च) पोटात गेले की ते पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, लॅक्टिक आम्ल तयार होते, चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि त्यांच्यातले विष रक्तात उतरते. पोटशूळ हा त्याचा एक परिणाम. दुसरा परिणाम एकदोन दिवसांनी खुरांत दिसतो: खुराच्या आतले पडदे सुजतात, खूर गरम लागतो आणि घोडा पुढच्या पायांवर भार द्यायला तयार होत नाही. अशी घोडी पुन्हा गाडीला पूर्वीसारखी उभी राहीलच असे नाही.

आता हिशेब पाहू. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम पिष्टाच्या पुढे जाऊ नये, असे हल्ली सांगितले जाते. म्हणजे ३०० किलोच्या घोडीला ३०० ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या पुरणपोळीत कणीक आणि डाळ मिळून अंदाजे ३० ते ३५ ग्रॅम पिष्ट असते, गूळ त्याखेरीज. एक पोळी किरकोळ आहे, दहा पोळ्यांत मर्यादा गाठली जाते, आणि सतरा पोळ्यांवर दुप्पट चंदी म्हणजे संकटाला आमंत्रण.

तोबरा:

डॉक्टरसाहेबांचा हिशेब मी दोनदा वाचला. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे एका पोळीने काही होत नाही, म्हणजे माझे म्हणणे खरे ठरते. मग पोळी बंद करण्याऐवजी चंदी दुप्पट करणे बंद का करू नये? एक किलो हरभऱ्यात किती पिष्ट असते तेही सांगून टाकावे.

आंबेमोहर:

अंदाजे ४०० ग्रॅम. आपण दाखवलेली वाट योग्य आहे, आणि त्यात एक भर घालतो, जी दसऱ्याला फार महत्त्वाची आहे. त्या दिवशी घोड्याला सुट्टी असते. पूर्वी गाडीच्या घोड्यांना रविवारी विश्रांती आणि भरपेट दाणा मिळायचा, आणि सोमवारी सकाळी कामाला जुंपताच त्यांच्या मांड्यांचे स्नायू आखडून ते जागीच उभे राहायचे, लघवी गडद तपकिरी व्हायची. युरोपात या आजाराला ‘सोमवारच्या सकाळचा आजार’ असेच नाव पडले. काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी, असा नियम त्यातूनच रूढ झाला. आपण सणाला नेमके उलटे करतो: काम शून्य, दाणा दुप्पट, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीची गर्दी म्हणून घोडा पहाटेपासून किनाऱ्यावर.

खारा वारा:

तोबरादादा, आपल्या घरी एक पोळी म्हणजे एकच पोळी असेल, यावर माझा विश्वास आहे. पण आळीत प्रत्येक घराची एकच पोळी असते आणि घोडीचे पोट मात्र एकच असते. कोणत्याही घराची चूक नसताना सतरा पोळ्या होतात. संध्याकाळी ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजारणीला ‘काकी, आजचा वाटा संपला’ असे कोणता मालक सांगणार आहे? म्हणून मला पूर्ण बंदीच व्यवहार्य वाटते. मर्यादा ठरवली की ती मोजायला माणूस लागतो.

गजाली:

आमचे किनाऱ्यालगत घरगुती निवास आहे, त्यामुळे मला दसऱ्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीची धास्ती अधिक. दसऱ्याची ताटे निदान ओळखीच्या घरांतून येतात. सुट्टीत पाहुण्यांची मुले घोड्यांना बिस्किटे, चॉकलेट आणि कांदाभजीसुद्धा भरवतात. घोडा भजी खातो, हे मी स्वतः पाहिले आहे. कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि चॉकलेटही त्याला घातक आहे, हे मला डॉक्टरांनीच सांगितले होते. पोळीवर इतका वाद घालताना हाराकडेही कोणी तरी पाहावे. गेल्या खेपेला एका हारात झेंडूच्या जोडीला कण्हेरीची फुले आणि पाने ओवलेली होती आणि शेजारी उभा घोडा तो हार चघळायच्या बेतात होता. कण्हेर घोड्याच्या हृदयावर जाते आणि त्याला थोडीशी पानेही पुरतात. पुरणपोळीने निदान डॉक्टर येईपर्यंत वेळ तरी मिळतो.

लाल माती:

मला एक पोळीसुद्धा मान्य नाही, आणि त्याचे कारण पचन नव्हे. ज्या घोड्याला हातातून गोड खाण्याची सवय लागते, तो पुढे प्रत्येक हातात गोड शोधतो. माझ्या भाचीचे बोट असेच चावले गेले. तिच्या हातात काहीही नव्हते. द्यायचेच असेल तर घमेल्यात द्यावे. गाजर द्यायचे तर लांब उभे चिरून द्यावे, कारण गोल चकत्या अन्ननलिकेत अडकू शकतात.

आंबेमोहर:

घमेल्याची सूचना उत्तम आहे. घोड्याचे खरोखर कौतुकच करायचे असेल तर त्याच्या गोठ्यात सैंधवाचा मोठा खडा टांगून ठेवावा. आपल्या दमट हवेत घोड्याच्या घामावाटे मीठ फार जाते, आणि तो खडा तो दसऱ्यानंतरही कितीतरी दिवस चाटत राहील. आणखी एक विनंती: पोट दुखू लागल्यावर घरच्या घरी नळीने किंवा बाटलीने तेल पाजू नये. ते फुप्फुसात उतरले तर पोटशूळ बरा होऊनही घोडा जातो.

तोबरा:

काल रात्री घरी हा सगळा संवाद वाचून दाखवला. चंदी त्या दिवशी निम्मी करण्याला आई लगेच तयार झाली. ताटांसाठी दारात एक टोपली ठेवायची, पूजेला आलेल्या प्रत्येकाने घोड्याला हळदकुंकू लावून पोळी टोपलीत ठेवायची, आणि त्या पोळ्या नंतर आळीतल्या मुलांना वाटायच्या, हेही ठरले. खारा वारा, मोजायला माणूस लागतो म्हणालात, तो माणूस आमची आईच आहे. तिच्या नजरेतून टोपलीतली एक पोळी सुटणार नाही. सैंधवाचा खडा मी आजच आणला आहे. आईने एकच अट घातली आहे: घोड्याची पोळी ती स्वतः देणार, आणि तुकडा मोडून नव्हे, अख्खी.

खारा वारा:

घमेल्यातून अख्खी एक पोळी मला मान्य आहे. लाडवांचे अजून ठरलेले नाही, आणि तुमच्या ताटांत ते हमखास असतात.